चहाच्या वेळी बंद असतं

कपडे दुरुस्त करून देण्याच्या दुकानात मावशीने उभं आयुष्य काढलं. कुणाची विजार कंबरेत सैल करायची, कुणाच्या कोटाच्या बाह्या आखूड करायच्या, आणि "कापडच आटलंय" असं गिऱ्हाईक म्हणालं की गंभीर चेहऱ्याने मान डोलवायची. दुकानात ती कुणाचीच मावशी नव्हती, पण मालकासकट सगळे तिला मावशीच म्हणत.

घरी होती धाकटी, तिची सख्खी बहीण. दोघींनीही लग्न केलं नाही, त्यामुळे भांडायला एकमेकीच. डोंगरापलीकडच्या एका खोऱ्यातून त्या तरुणपणी शहरात आल्या होत्या. त्या खोऱ्याची बोली आता तिथेही कुणी बोलत नव्हतं. या दोघी मात्र मीठ जास्त पडण्यापासून मेलेल्या आईच्या आठवणींपर्यंत सगळं त्याच बोलीत उरकत, आणि दारात परकं माणूस आलं की चटकन शहराच्या भाषेवर येत.

एक दिवस विद्यापीठात ध्वनिशास्त्र शिकणारी एक मुलगी दुकानात चेन बदलायला आली. मावशी ओठांत टाचण्या धरून काहीतरी पुटपुटली. मुलीने कान टवकारले.

"आत्ता काय म्हणालात?"

"शिवी दिली. तुझ्या चेनला."

"परत द्या ना!"

आयुष्यात पहिल्यांदाच कुणीतरी मावशीकडे शिवी मागून घेत होतं. बाई खूष झाली.

मग सुट्टीच्या दिवशी मावशी विद्यापीठात जाऊ लागली. भिंतींना जाड फोम लावलेली छोटीशी खोली, तोंडासमोर माईक, मुलीच्या कानांवर हेडफोन. मुलगी चित्र दाखवी, मावशी शब्द सांगे. त्यांच्या बोलीत 'धाकटी बहीण' याला जो शब्द आहे, तो म्हणताना मधेच घसा आवळून पुन्हा सुटतो, दोरा दाताने तोडावा तसा. मुलीचा जीव त्या शब्दावर जडला. पण तिचे सर खवट. ते म्हणाले, "सुटा शब्द माणूस नेहमीच जरा जास्त नीट उच्चारतो. मोकळ्या बोलण्यात हा आवाज दाखव, नाहीतर प्रबंधातलं ते प्रकरण गाळ." आणि त्या विभागात एक रीतच पडून गेली होती: बोलणारा खोलीतून बाहेर जाईपर्यंत रेकॉर्डिंगचं यंत्र बंद करायचं नाही. माणूस माईक विसरला की खरा बोलतो, असं तिथे सगळ्यांना पहिल्याच वर्षी शिकवत. बोलणाऱ्याला मात्र हे कुणी सांगत नसे.

मावशीने रीतसर विचारलं होतं. "चहा घेताना हे बंद असतं ना?"

"हो मावशी, चहाच्या वेळी बंद असतं," मुलगी म्हणाली. पापणीही लवली नाही.

त्याच सुमाराला धाकटीचं पोट दुखायला लागलं. तपासण्या झाल्या, आणि डॉक्टरांनी मावशीला एकटीला बाहेर बोलावून सांगितलं की आता करण्यासारखं काही नाही. मावशीने घरी येऊन सांगितलं, "पित्त आहे. तिखट कमी खा." धाकटीने तोंड वाकडं केलं आणि पुढच्या थंडीसाठी शाल विणायला घेतली. ती शाल रोज वाढताना बघणं मावशीला असह्य होई. पण बहिणीचे उरलेले दिवस तरी भीतीशिवाय जावेत, एवढंच तिला हवं होतं, आणि त्यासाठी तिने तोंडाला कुलूप घातलं होतं.

कुलूप उघडलं ते त्या फोमच्या खोलीत. चहाचा कप हातात घेऊन तिने एकदा सगळं बोलून टाकलं, आपल्या बोलीत. मुलीला बोलीतले चित्रांपुरते शब्द येत, वाक्य एकही कळत नसे. म्हणूनच तर तिच्यापुढे रडता आलं. मुलगी तिचा हात धरून बसली होती. मावशीला वाटलं, पोटची असती तर अशीच असती.

प्रबंधाचं सादरीकरण ठरलं तेव्हा मुलगी आग्रहाने म्हणाली, "दोघी या. तुमच्यामुळेच झालंय सगळं." दोघी ठेवणीतल्या साड्या नेसून पहिल्या रांगेत बसल्या. मुलीने पडद्यावर आवाजाचे काळे पट्टे दाखवले आणि म्हणाली, "आता मोकळ्या बोलण्यातला नमुना ऐका. तोच शब्द इथे पुन्हा पुन्हा येतो."

येणारच. सगळं बोलणं धाकटीबद्दलच होतं.

सभागृहात मावशीचा आवाज घुमला. "धाकटीला सांगितलेलं नाही. डॉक्टर म्हणाले, धाकटीची पुढची थंडी निघायची नाही. ती वेडी शाल विणतेय. धाकटीला कळता कामा नये." श्रोते माना पुढे करून घसा कुठे आवळतो ते ऐकत होते. बोलणं त्या दालनात दोघींनाच कळत होतं. मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. शेजारी बघायची तिची हिंमत झाली नाही. मग सर उठून "उत्तम!" म्हणाले आणि टाळ्या पडल्या.

मुलगी धावत आली. मावशीने तिचं मनगट धरलं. "बंद असतं म्हणालीस ना?"

"बंद केलं तर खरा आवाज मिळत नाही, मावशी. आमच्यात सगळेच असं करतात. आणि अर्थ मला कुठे कळतो? मी फक्त घशाकडे लक्ष देत होते."

केसाने गळा कापणारी माणसं अशीच गोड बोलतात, आणि या पोरीला तर आपण काय कापलंय याचाही पत्ता नव्हता. मावशीला तिचा इतका राग आला की तिने ते मनगट झटकून टाकलं.

धाकटी उठली, पदर नीट केला. "घरी जाऊ या," ती म्हणाली. शहराच्या भाषेत.

रस्ताभर मावशी बोलीत विनवत राहिली. बोलीतच माफी मागितली, बोलीतच रडली. दारापाशी धाकटी थांबली. "परक्या पोरीला सांगितलंस. मरणारी मी होते ना?" हेही शहराच्या भाषेतच. त्यानंतर औषध मागायचं, पाणी मागायचं, ते सगळं त्याच भाषेत. शाल अर्धवट पडून राहिली.

थोड्या दिवसांनी मुलगी पेढे द्यावेत तशा उत्साहात दारात उभी राहिली. सरांना आता दोन माणसांचा संवाद हवा होता. "तुम्ही दोघी नेहमीसारख्या बोलत बसा. मी नुसतं यंत्र लावते. आणि या वेळी खरंच सांगून लावते."

मावशी दारातच आडवी उभी राहिली. आतून, अंथरुणावरून, धाकटीचा आवाज आला, दमलेला पण स्वच्छ, शहराच्या भाषेत:

"सांग तिला, या घरात ती बोली कुणी बोलत नाही."