शून्य तक्रारींचे मिस्त्री

स्क्रू ड्रायव्हरचं टोक पंपाच्या अंगाला लावायचं, मूठ कानाशी धरायची आणि डोळे मिटून उभं राहायचं. मिस्त्रींची सकाळ अशी सुरू व्हायची. मग ते म्हणायचे, "बोलाया लागलंय." म्हणजे त्या पंपाचं बेअरिंग आठवडाभरात जाणार. दुपारच्या सुट्टीत ते बदललेलं असायचं आणि कुणाला पत्ताही नसायचा.

कराडजवळच्या एका दूध प्रकल्पात आम्ही बरोबर होतो. ते फिटर, कवठे महांकाळकडचे. मेंढरं राखणाऱ्या घरातला आयटीआय झालेला पहिला माणूस. मी संगणक विभागात, वयानं खूप लहान, तरी ते मला साहेब म्हणायचे. तुमच्याही कामाच्या ठिकाणी असा एक जण असेल. तो रजेवर गेला की मगच तो आहे हे कळतं.

नवीन व्यवस्थापक आले तेव्हा त्यांना मिस्त्री उभ्यानं झोपलेत असं वाटलं. त्यांनी हटकलं. मिस्त्रींनी स्क्रू ड्रायव्हर शांतपणे त्यांच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुमीबी ऐका." व्यवस्थापकांनी टाय सांभाळत कान लावला. काहीच ऐकू येत नाही म्हणाले. "मग बरं हाय म्हणायचं," मिस्त्री म्हणाले आणि पुढच्या पंपाकडे गेले.

याच व्यवस्थापकांनी माझ्याकडून नवी पद्धत बसवून घेतली. बिघाड झाला की मोबाइलवर तक्रार नोंदवायची, फिटरनं ती बंद करायची. कुणी किती तक्रारी किती वेळात बंद केल्या, ते भिंतीवरच्या पडद्यावर दिसायचं. पहिल्या तिमाहीचा अहवाल मीच काढला. मिस्त्रींचं नाव सगळ्यात खाली होतं. समोर शून्य. त्यांच्याकडची यंत्रं बंदच पडली नव्हती. हे मला माहीत होतं. शेरा लिहायला अहवालात जागा होती. मी ती कोरी ठेवली.

ते एकदाच माझ्या टेबलाशी आले.

"साहेब, जे बिघडलंच न्हाई, ते कुठं लिवायचं?"

त्याची सोय नाही, मी म्हणालो.

"व्हय," ते म्हणाले. मी मागवलेला चहा त्यांनी संपवला, कप स्वतः नेऊन ठेवला.

पुढच्या आठवड्यात त्यांना स्टोअरला बसवलं, नट-बोल्ट द्यायला. त्यांनी तक्रार केली नाही. काही महिन्यांनी राजीनामा देऊन गावी गेले. निरोप समारंभाला मी होतो. नारळ मीच दिला.

मग पंप बंद पडू लागले. तक्रारी भराभर यायच्या, फिटर भराभर बंद करायचे. पडद्यावरचे आकडे उत्तम होते, आमचं कौतुकही झालं. एक दिवस शीतकरण सकाळपासून बंद राहिलं आणि टाकीभर दूध ओतून द्यावं लागलं. तेव्हा व्यवस्थापकांनी मला मिस्त्रींच्या गावी पाठवलं.

ते घराबाहेर बाभळीखाली बसले होते. का आलात, असं त्यांनी विचारलं नाही. त्यांच्या मंडळींनी ताक दिलं. माझं ऐकून घेतल्यावर त्यांनी नातीच्या वहीची पानं मागवली आणि एकेक यंत्र आठवून लिहीत गेले. कुठल्या वारी काय बघायचं, कुठला नट किती आवळायचा, कुठं जास्त ग्रीस घालायचं नाही. परत याल का, मी विचारलं.

"न्हाई साहेब. आता मेंढरांची सवय झालीया," ते म्हणाले आणि पानं घडी करून दिली.

अहवालातल्या त्या कोऱ्या जागेबद्दल सांगायचं म्हणून मी थोडा वेळ बसलो. मग गाडी सुरू केली.

ती पानं मी टाइप केली. त्यांचा तक्ता झाला, काचेच्या चौकटीत लागला. यंत्रं परत नीट चालू लागली. मिस्त्री मात्र पुन्हा कधी भेटले नाहीत.

यंदा तपासणीसाठी पुण्याहून दोघं आले होते. तक्त्यापाशी बराच वेळ थांबले. असं काम फार थोड्या ठिकाणी दिसतं म्हणाले, आणि हे कुणी तयार केलं ते विचारलं. व्यवस्थापकांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला.

मी होकारार्थी मान हलवली. एकानं माझं नाव लिहून घेतलं, स्पेलिंग विचारून.