तिसऱ्या तासाचं पाणी

शालूच्या मोबाईलवरून फोन आला म्हणून मी नेहमीसारखं "बोल गं" म्हटलं. पलीकडे कुणी दुसरीच बाई होती. "आंटी, आप शालन मैम की भाभी बोल रही हैं?" मी सरोजिनी नगरच्या बाजारात होते, हातात पडद्याचं कापड होतं, दुकानदार भाव सांगत होता. ती म्हणाली, मॅडम तिसऱ्या तासाला वर्गावर निघाल्या आणि स्टाफरूमच्या दारातच कोसळल्या... मी ऑटो करून हॉस्पिटलात पोचले तोवर सगळं संपलं होतं. शालूने पन्नाशीही गाठली नव्हती. शाळेच्या शिपायाने माझ्या हातात एक कापडी पिशवी दिली. तिचा चष्मा, लाल पेनं, आणि पाण्याची स्टीलची बाटली. बाटली अर्धी भरलेली होती. याला सात आठवडे झाले. बाटली अजून ओट्यावर आहे, त्याच पाण्यासकट. ह्यांनी दोनदा विचारलं, "घासायची राहिली का?" मी ऐकलं नसल्यासारखं केलं.

नात्याने ती माझी नणंद, ह्यांची सगळ्यांत धाकटी बहीण. पण ह्यांना दिल्लीत नोकरी लागून आर. के. पुरमला क्वार्टर मिळालं तेव्हा दहावी झालेली शालू आमच्याबरोबरच आली, आणि तिच्या बी.एड.पर्यंतचे सगळे डबे मी भरले. मी चौथी शिकलेली. संध्याकाळी पोळ्या करताना ती समोर पुस्तक धरायची आणि मला वाचायला लावायची. "वहिनी, चौथीनंतर पाचवी असते, माहीत आहे ना?" असं चिडवायची. मला अडखळत का होईना, वाचता येतं ते तिच्यामुळे. एकदा आम्ही सगळे पानिपतला गेलो होतो. ह्यांच्या ऑफिसमधली मंडळी सरदारांच्या शौर्यावर बोलत होती, डोळे पुसत होती. शालूने मध्येच विचारलं, "एवढ्या लोकांना पाणी कोण आणून देत होतं हो?" परतीच्या बसमध्ये तिच्याशेजारी कुणी बसलं नाही, मीच बसले.

पुढे ती जवळच वेगळी खोली घेऊन राहिली आणि एका खाजगी शाळेत आठवीला सामाजिक शास्त्र शिकवू लागली. नोकरी करारावरची, दर मार्चमध्ये नवा कागद. एका थंडीत आम्ही दोघी गॅलरीत मटार सोलत होतो आणि तिने सहज विचारलं, "तू शाळा सोडलीस कशी?" इतक्या वर्षांत हे मी ह्यांनाही सांगितलं नव्हतं. तिला सांगितलं. आमच्या शाळेत माठ होता, पण आम्ही गावाबाहेरच्या वस्तीतली मुलं, त्याला हात लावायचा नाही. खाली उकिडवं बसायचं, ओंजळ धरायची, दुसऱ्या जातीचं पोर वरून पाणी ओतायचं. एक दिवस ओतणारा पोरगा आला नव्हता. मला फार तहान लागली होती. मी पेला उचलला आणि बुडवला. गुरुजींनी मला मारलं नाही. त्यांनी माठ सगळ्यांसमोर ओतून टाकला. दुपारभर वर्ग तहानलेला बसला, सगळे माझ्याकडे बघत. दुसऱ्या दिवशी मी पोट दुखतंय म्हणाले आणि पुन्हा गेलेच नाही.

दिल्लीत आम्ही कोण, हे कुणाला माहीत नव्हतं. आडनावावरून कळत नाही. हॉलमध्ये बुद्धाची मूर्ती होती, पण इथे ती सगळ्यांकडे शोपीस म्हणून असतेच. आम्ही वंदना मात्र दार लावून करायचो. शालूला याचा राग यायचा. माझा स्वभाव भित्रा, कॉलनीतल्या मराठी बायकांनी मला आपल्यात घेतलं होतं, तेवढं मला पुरे होतं.

काही वर्षांपूर्वीची संक्रांत. पुष्पाताईंकडे हळदीकुंकू होतं. त्या आमच्या वरच्या मजल्यावर राहायच्या, नातू शालूच्या वर्गात. तिळगूळ वाटता वाटता त्या म्हणाल्या, "अहो, तुमच्या नणंदेने भलतंच काढलंय की! मुलांना सांगते, माझ्या घरातल्या एका बाईला शाळेत माठाला हात लावू देत नव्हते. एका मुलाचे वडील भडकलेत. प्रिन्सिपलकडे तक्रार गेलीय."

"हल्ली कुठे असतं असलं काही?" कुणीतरी म्हणालं.

"तेच म्हणते मी. उगाच पोरांच्या डोक्यात भरवायचं. पण काय हो," पुष्पाताई हसून माझ्याकडे वळल्या, "घरातली म्हणे. कोण हो ती?"

माझ्या हातात त्यांच्याच घरचा पाण्याचा ग्लास होता. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या, अगदी त्या वर्गासारख्या. मी म्हणाले, "असेल कुणी. मला नाही माहीत." आणि वर हसलेसुद्धा.

संध्याकाळी शालू आली तर मी दारातच तिला धरलं. "तुला सांगितलं ते वर्गात वाटायला?"

"मी नाव घेतलं नाही, वहिनी."

"घरातली म्हणालीस ना? घरात बायका किती आहेत? तू आणि मी!"

"मुलं विचारतात, मॅम ये सब सच में होता था क्या? पुस्तकात अस्पृश्यतेच्या धड्यात दोन ओळी आहेत. दोन ओळींवर कोण विश्वास ठेवणार?"

"मग स्वतःचं सांगायचं. माझं कशाला?"

ती चपला घालता घालता म्हणाली, "शुक्रवारी मीटिंग आहे. त्यांनी कागद तयार ठेवलाय, की ती घटना काल्पनिक होती, मी खेद व्यक्त करते. सही केली तर मार्चमध्ये नोकरी राहील. नाहीतर म्हणतात, त्या बाईचं नाव सांगा. तुझं नाव मी सांगणार नाही. सही करून टाकते. खोटी होती म्हणून लिहून देते. मग तर झालं?"

ती गेली. मला सुटल्यासारखं वाटायला हवं होतं. पण ते 'खोटी' माझ्या डोक्यातून जाईना. त्या दुपारचा उन्हाचा चटका, ओल्या मातीचा वास, पोरांचे सुकलेले ओठ, हे सगळं झालंच नाही असं कागदावर येणार, आणि खाली माझ्या शालूची सही. तीन दिवस मला जेवण गेलं नाही. ह्यांना मी काही बोलले नाही.

शुक्रवारी मी शाळेत गेले. गेटवर "शालन मैम की भाभी" एवढंच सांगितलं. प्रिन्सिपलच्या खोलीत त्या स्वतः, ते तक्रार करणारे वडील, आणि शालू. टेबलावर कागद आणि पेन. शालूचा चेहरा मला बघून पांढरा पडला. "तू कशाला आलीस? घरी जा," ती मराठीत म्हणाली.

मी येताना काय बोलायचं ते हिंदीत पाठ केलं होतं. त्यातलं एक वाक्य तेवढं आठवलं. "वो औरत मैं हूँ जी."

ते गृहस्थ काही वाईट माणूस नव्हते. नरम आवाजात म्हणाले, "आंटी, हम आपकी इज़्ज़त करते हैं। पर बच्चों को ये सब बताने से क्या फ़ायदा?" टेबलावर पाण्याचा जग होता. तो मी उचलून त्यांच्या हातात दिला आणि खाली, गालिच्यावर, उकिडवी बसले. ओंजळ तोंडाशी नेली. इतक्या वर्षांनी हात आपोआप तसे जुळले. "ऊपर से डालिए," मी म्हणाले. "हाथ मत लगने दीजिए."

त्यांनी प्रिन्सिपलकडे पाहिलं. मग काय करावं न कळून थोडं पाणी ओतलं. मी प्यायले. पाणी कोपरावरून ओघळलं, पदर भिजला. "और," मी म्हणाले. त्यांनी पुन्हा ओतलं, पण जग टेबलाच्या कडेला आपटला आणि अर्धं पाणी टेबलावर सांडलं. प्रिन्सिपलनी कागद भिजू नये म्हणून झटकन उचलला. त्या गृहस्थांनी जग खाली ठेवला. "बस, आंटी... बस. उठिए," ते म्हणाले. त्यांना माझा हात धरून उठवायचं होतं, पण धरावा की नाही, हेच त्यांना कळत नव्हतं. शालूने मला उठवलं.

तो कागद पुन्हा टेबलावर आला नाही.

ऑटोत शालू एकदम म्हणाली, "वहिनी, प्रिन्सिपलचा गालिचा नवा होता गं." आम्ही दोघी इतक्या हसलो की ऑटोवाल्याने आरशात पाहिलं. घर आलं तेव्हा ती म्हणाली, "मी तुला आधी विचारायला हवं होतं. तुझं होतं ते." तिला नोकरीचा कागद मिळाला. तो धडा मात्र नव्या वर्षी दुसऱ्या बाईंना दिला, पुढच्या वर्षी परत हिच्याकडे आला. पुष्पाताईंचं पुढच्या संक्रांतीला बोलावणं आलं नाही. त्याच्या पुढच्या वर्षी आलं. मी गेले नाही. आमची वंदना आता दार उघडं ठेवून होते.

तेव्हापासून दर वर्षी तो धडा जवळ आला की शालू म्हणायची, "वर्गात ये. मी सांगितलं की त्यांना गोष्ट वाटते." मी दर वर्षी टाळलं. एवढ्या मुलांसमोर माझ्याच्याने होणार नाही, एकदा झालं ते झालं, असं म्हणायचे. शेवटचं भेटलो त्या रविवारीही तिने विचारलं. मी ताटात तिला आणखी भात वाढत म्हणाले, "पुढच्या वर्षी नक्की." ती म्हणाली, "बिल्कुल नक्की?" मी म्हणाले, "अगं हो." तिने मान डोलावली आणि भात कालवला. मी खोटं बोलतेय, हे तिला कळलं होतं.

परवा त्या शिक्षिकेचा पुन्हा फोन आला, ज्या बाईंनी मला पहिल्यांदा सांगितलं त्यांचा. आता आठवीचा वर्ग त्यांच्याकडे आहे. म्हणाल्या, "आंटी, वो चैप्टर मंगलवार को है। मैम की कॉपी में लिखा है, भाभी से फिर पूछना।" कॉपी म्हणजे शालूची धड्यांची वही.

आज सकाळी बाटलीतलं पाणी मी गॅलरीतल्या कुंडीत ओतलं. थोडं थोडं, सावकाश. मग बाटली राखेने घासली, आतून ब्रश घालून, दोनदा धुतली. उन्हात पालथी ठेवली आहे. मंगळवारी सकाळी ताजं पाणी भरायचं. तास तिसराच आहे. ओंजळ मी धरीन. ओतायला मात्र वर्गातल्याच कुणालातरी उठावं लागेल.