कागदी झाडांची मावशी

मी झाडवाल्या मावशीला ओळखू लागले तेव्हा तिनं लोणावळ्यातले आणि आसपासच्या गावांतले कितीतरी मांडव सजवले होते, पण पाहिलेलं लग्न एकच, स्वतःचं. नवरा लवकर गेला. विधवेनं मांडवात पाऊल टाकायचं नाही, असा तेव्हाचा रिवाज. तिची झाडं बैलगाडीत बसून लग्नाला जायची आणि ती खोलीच्या उंबऱ्यात बसून गाडी वळेपर्यंत बघत राहायची. दुसरी मोठी लढाई सुरू व्हायच्या आधीची ही गोष्ट.

तिचा नवरा खंडाळ्याला एका साहेबाच्या बंगल्यावर माळी होता. तिथली झुडपं तो कातरून चेंडूसारखी गोल करायचा. तो गेल्यावर तिनं तीच झाडं कागदाची करायला घेतली. रॉकेलच्या डब्यात माती ठोकून भरायची, त्यात कारवीची उंच काठी रोवायची, टोकाला सुतळीनं आवळलेला गवताचा गोळा बसवायचा आणि त्यात पतंगी कागदाची फुलं अशी दाटीनं खोचायची की गवताची काडी दिसू नये. वैशाखात पुण्याहून खरी फुलं आणणं थोड्यांनाच परवडायचं. मावशीची झाडं मात्र गरिबाच्या दारीही दिमाखात उभी राहायची. "खऱ्या फुलाला घाई लय," ती म्हणायची. "नवरदेव यायच्या आदीच मान टाकतं."

एक गोष्ट मला फार दिवस कळेना. प्रत्येक गोळ्यात ती एकदोन फुलं मुद्दाम चुरगळून, कडा चहात बुडवून लावायची. चांगल्या कामाला हे गालबोट कशाला, म्हणून मी एकदा विचारलं. मी मुलींच्या शाळेत शिकवायचे, खोली तिच्या शेजारची. विचारायची खोड धंद्यानंच लागलेली. मावशी हसली. "बाई, झाडावं समदी फुलं एका वयाची कुटं असत्यात?"

पण विचारण्यात ती माझीही गुरू. माझ्या जुन्या विद्यार्थिनींची लग्नं म्हणजे मला आमंत्रण ठरलेलं. मी परत आले की लुगडं बदलायच्या आत ती दारात हजर. झाडं कुठं ठेवली? उन्हात का सावलीत? कुणी हात लावून बघितलं का? जेवणात काय होतं, हे तिनं एकदाही विचारलं नाही. शेवटचा प्रश्न ठरलेला, "मांडवात शिरताना आदी काय दिसलं, झाड का नवरी?" नवरी, असं मी सांगायचे. मग तिचा जीव भांड्यात पडायचा. "आदी झाड दिसलं तर माजं काम फुकट," म्हणायची.

एका वैशाखात भाजे गावातल्या एका लग्नाला तिची झाडं आदल्या दिवशी गेली. नवरी मामाकडे राहून चौथीपर्यंत माझ्या हाताखाली शिकलेली, म्हणून मीही निघायच्या तयारीत होते. इतक्यात नवरीचा भाऊ सकाळच्या गाडीनं धापा टाकत आला. त्यांच्या आजोबांनी, आबांनी, पहाटे उठून दोन्ही झाडांना तांब्या तांब्या पाणी घातलं होतं. फुलांचा लगदा झाला होता आणि लाल रंग डब्यांवरून ओघळला होता.

मावशी कागदांचं गाठोडं घेऊन माझ्याबरोबर मळवली स्टेशनावर उतरली. भाज्याला पोचल्यावर ती आपणहून गोठ्यात जाऊन बसली आणि झाडं तिथं आणली गेली. आबा ओशाळून समोर उभे. "पोरी, दारचं झाड वैशाखात तहानलेलं ऱ्हाऊ द्यावं का? मला काय ठावं कागदाचं हाय." यापरतं कौतुक कुठलं, पण मावशीनं मान वर केली नाही. दोनेक तासांत दोन्ही गोळे पुन्हा फुलले.

मग आबा म्हणाले, "आता तूच चल नि ठिव. आमी पुन्ना कायतरी घोळ घालू." ती नको नको म्हणत होती, पण आबा पुढे चालू लागलेच. मुहूर्ताला वेळ होता. मावशीनं बोहल्यापुढे झाडं ठेवली आणि बघत बघत, मागे सरकत मांडवाच्या दारापर्यंत गेली. तेवढ्यात नवरी बोहल्याशी आली. ठेंगणी पोर. गोळ्याआड तिचं तोंड पुरतं झाकलं गेलं.

"बाई," मावशी हळूच म्हणाली, "समद्या लग्नांत असंच दिसायचं?"

मी नजर चुकवली. असंच दिसायचं. झाडं इतकी देखणी की पहिली नजर त्यांच्यावर जायची आणि नवरी मागाहून शोधावी लागायची. तिला वाईट वाटू नये म्हणून मी वर्षानुवर्षं खोटं सांगत आले होते. मांडवात तिला स्वतःचे डोळे नव्हते, माझेच होते, आणि मी तिला फसवलं होतं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं मला बोल लावला नाही. आबांकडून कोयता मागून घेतला, काठ्या उपसल्या, हातभर तोडल्या आणि पुन्हा रोवल्या. मग गोठ्यात गेली ती अक्षता पडेपर्यंत बाहेर आली नाही.

पुढच्या लग्नसराईत कुसगावला माझ्याच एका विद्यार्थिनीचं लग्न होतं. झाडं मांडायला मावशी स्वतः आली, आणि मुहूर्त जवळ आला तशी सवयीनं मांडवामागे निघाली. मी म्हटलं, "बसा तुम्ही. मी नीट पाहून सगळं सांगते. अगदी खरं."

ती थांबली. "न्हाई बाई. तुमी मायाळू हायसा. तुमच्यानं न्हाई व्हायचं."

असं म्हणून ती वळली, मांडवात शिरली आणि बायकांच्या पुढच्या रांगेत जाऊन उभी राहिली. दोघीचौघींनी माना वळवल्या. एक म्हातारी काहीतरी पुटपुटली. मावशीला ते ऐकू गेलं नसावं. ती टाचा उंचावून नवरीचं तोंड दिसतंय का ते बघत होती. अक्षतांचं ताट फिरत फिरत तिच्यापुढे आलं, तेव्हा वाटणाऱ्या बाईचा हात थबकला. मावशीनं ओंजळ पुढे केली.