वाळत घातलेला आवाज

माझ्या पुतण्याने मेलेल्या मित्राचा आवाज बोंबलासारखा उन्हात वाळत घातला आणि दुपारपर्यंत त्याचा भुगा केला. एवढा हट्टी आणि एवढा मूर्ख माणूस डहाणूच्या किनाऱ्यावर दुसरा झाला नाही. हे मी काकी म्हणून सांगते. परकी असते तर आणखी वाईट बोलले असते.

हा पंक गायचा. म्हणजे गिटार बडवून ओरडायचा. मी विचारलं, "अरे, पंक म्हणजे काय?" तर म्हणतो, "काकी, बाजारात तू गिऱ्हाइकाशी भांडतेस ना, तेच. चाल तेवढी माझी." कैनाडला एका हळदीत त्याला हौसेने गायला बोलावलं. दुसऱ्याच गाण्याला नवऱ्याचा मामा धावत आला, "अरे, ह्याला काय चावलं? कुणीतरी बघा!" तरी याने गाणं पुरं केलंच. त्यावर माझ्या घराच्या मागच्या खोलीत स्वतःची कॅसेट कंपनी काढली. मालकही हा, हमालही हा. लोक मोबाइलवर फुकट गाणी ऐकत होते आणि हा कॅसेटी भरून माझ्या सुकटीच्या खोक्यांतून पाठवायचा. बंगळुरूच्या कुणीतरी कळवलं, कॅसेटला वास येतो. याने उलट कळवलं, "मुद्दाम ठेवलाय." गाणं मोबाइलमध्ये मात्र कुणाला घालू द्यायचा नाही. "तिथे गेलं की ते आपलं राहत नाही," म्हणायचा.

त्या कंपनीत चांगला गाणारा एकच, याचा तलासरीचा मित्र. कारखान्यात रात्रपाळी करायचा आणि गाणीही रात्रपाळीचीच गायचा. माझ्या ओट्यावर बसून भाकरी खायचा, ताट स्वतः धुवायचा. त्याची कॅसेट भरून झाली आणि तिच्या प्रती काढून विकायला निघायच्या आत तो काविळीने गेला. मागे ती एकच कॅसेट. कोजागिरीच्या उधाणाचं पाणी खोलीत शिरलं आणि तीही भिजली. आमच्याकडे मासळी खाऱ्या पाण्यातून निघते ती सरळ वलांडीवर, बांबूच्या मांडवावर, उन्हात जाते. पुतण्याने जन्मभर तेच बघितलेलं. फीत गोड्या पाण्यात धुवावी, सावलीत ठेवावी, हे त्याला कोण सांगणार? त्याने ती बाहेर ओढून बोंबलांच्या शेजारी टांगली. दुपारी काढायला गेला, तर फितीवरचा तपकिरी थर भुगा होऊन बोटांना लागला.

दिवाळीनंतर गाणाऱ्याची आई तलासरीहून आली. "एकदा ऐकव, बाबा."

याने उरलेली फीत गुंडाळून लावली. नुसती खरखर. बाई शेवटपर्यंत बसून राहिली. मग म्हणाली, "ह्याला दुसरी बाजू असते ना? ती लाव."

त्याने लावली. तिघांनी ऐकली.

कंपनी बंद झाली. पुतण्या आता दुसऱ्याच्या बोटीवर जातो, ओरडत नाही. घर शांत असतं. मला ते आवडत नाही. गाणारा गेला. त्याची आई, पुतण्या आणि मी, आम्ही राहिलो.