टाकीतली स्ट्रॉबेरी

आमच्या घरमालकीण काकूंच्या पिंपात सोनेरी काठाचा कागद निघाला, तेव्हा मी गंगापूर रोडवरच्या सायबर कॅफेत बसून देवीचा मेल पुढे पाठवत होतो. मेलमध्ये लिहिलं होतं, हा अकरा जणांना पाठवा, संध्याकाळपर्यंत गोड बातमी येईल. एकानं पाठवला नाही तर त्याचा ट्रक घाटात उलटला. माझ्याकडे ट्रक नव्हता, पण बीकॉमचं दुसरं वर्ष दुसऱ्यांदा चालू होतं. रिस्क नको. अडचण एवढीच, की ईमेल असलेली माणसं मला सातच माहीत होती. त्यातला एक मी.

इंटरनेटबद्दल माझं मत तेव्हाच पक्कं झालं होतं. ज्यानं कोणी ते काढलं, तो आधी चांदवडच्या पारावर बसून गेला असणार. त्याच थापा, तीच टवाळी, फक्त तोंड दिसत नाही. महिनाभर मी टोरांटोच्या एका मुलीशी चॅट करत होतो. तिच्याकडे कायम बर्फ. एकदा ती लिहीत होती की खिडकीबाहेर सगळं पांढरं झालंय, आणि तेवढ्यात आमची लाईट गेली. अंधारात पलीकडच्या केबिनमधून जाड आवाज आला, "च्यायला, आत्ताच जायची होती." लाईट आली, तसं टोरांटोही आलं. मी उठून डोकावलो. तिला मिशी होती.

तर मी आठवा पत्ता शोधत होतो आणि माझा रूममेट चपलांसकट आत घुसला. हा इगतपुरीचा. गाडी सुटली तरी न धावणारा माणूस, आणि आज धापा टाकत होता.

"ऊठ. टाकी उघडणारेत," तो म्हणाला. "काकूंच्या पाण्यात कागद आलाय. आपल्या बाटलीचा."

आम्ही काकांच्या बंगल्यात गच्चीवरच्या खोलीत भाड्यानं राहायचो. फ्रीज नव्हता, एप्रिल होता. खोलीशेजारी सिमेंटची बुटकी पाण्याची टाकी होती, आंब्याच्या सावलीत, आणि तिच्यातलं पाणी माठासारखं गार. इगतपुरीकराचं म्हणणं, बिअरमध्ये बर्फ टाकणारा माणूस वरणात पेप्सी टाकायलाही कमी करणार नाही. बिअर पाण्यातच गार झाली पाहिजे. म्हणून शनिवारी आणलेल्या बाटल्या गळ्यात सुतळी बांधून आम्ही टाकीत सोडायचो. बाटली गार झाली का एवढंच बघायचो. तिचे कपडे भिजून कुठे जातात, हा विचार दोघांपैकी कोणीच केला नाही.

आणि हे सगळं कशासाठी, तर कडू पाण्यासाठी. बिअर पहिल्या वर्षी कोणालाच आवडत नाही, प्रत्येक जण दुसऱ्याचं तोंड बघून घोट घेतो. इगतपुरीकर त्यात चिमूटभर मीठ टाकायचा आणि फेस वर आला की लेकराचं बारसं असल्यासारखा बघत बसायचा. मी तर पिणाऱ्यांच्या नकला करता करता प्यायला लागलो.

नकला हाच माझा धंदा. पण त्यात एक आजार होता. घाबरलो की समोरच्याचा आवाज माझ्या तोंडात शिरायचा. शाळेत हेडसरांनी विचारलं होतं, कोण ओरडलं, आणि मी हेडसरांच्याच आवाजात म्हणालो होतो, मी नाही. त्यानंतरचं सांगत नाही.

आज तो आजार परवडणारा नव्हता. काका पूर्वी चांदवडला साहेब होते, वडिलांच्या ओळखीतले. नापास झाल्यावर वडिलांनी एकच अट घातली होती: साहेबांची एक जरी तक्रार आली, तर सामान बांधायचं आणि आपल्या कांद्याच्या चाळीवर येऊन बसायचं. दर रविवारी ते काकांच्या घरी फोन करायचे. आधी काकांशी बोलायचे, मग माझ्याशी.

आज रविवार होता.

पोचलो तर काका जिन्याच्या पहिल्या पायरीजवळ खुर्ची टाकून बसलेले. बाजूला पेपरवर तो कागद वाळत घातलेला, काठ सोनेरी, मधे इंग्रजीत 'स्ट्रॉ' एवढंच शिल्लक. स्ट्राँगचा स्ट्रॉ. पण काकू स्वयंपाकघरातून सांगत होत्या की स्ट्रॉबेरीच्या सरबताचा कागद आहे, कावळ्यांनी आणून टाकला असेल, टाकीचं झाकण मेलं कधी नीट बसतच नाही.

"मुद्दा असा की," काका म्हणाले, "कावळा सरबत पीत नाही."

प्रत्येक वाक्याची सुरुवात ते अशीच करायचे. टाकी धुणारा माणूस येणार होता, त्याचीच ते वाट बघत होते. इगतपुरीकर कपडे वाळत घालायचेत असं पुटपुटत वर सटकला. कपडे हातात नव्हते. काकांचं लक्ष तिकडे जायच्या आत मी घाईघाईनं विचारलं, काल पिक्चरला गेला होतात ना काका, कसा होता?

काकांचा चेहरा बदलला. पिक्चर म्हटलं की त्यांना तक्रार करायला आवडायचं. म्हणाले, साडेतीन तास घरातली सगळी माणसं रडत होती, आणि कशासाठी, तर मुलगा घर सोडून गेला. मी म्हणालो, घर सोडून जायला पण केवढा जिना लागतो बघा. पिक्चरमधल्या प्रत्येक घरात जिना असतोच, कारण आई सपाट जमिनीवर रडली तर शोभत नाही. आमच्या चांदवडला इंटरव्हल झाला की अर्धी माणसं पिक्चर संपला समजून घरी जायची. आणि कोणाचं काही अडलं नाही. काका हसले. मी बोलत राहिलो, हिरोवर, व्हिलनवर, बर्फात नुसत्या साडीवर नाचणाऱ्या हिरॉईनवर. कान सगळा वर. एक सुतळी ओढल्याचा आवाज. थोड्या वेळानं दुसरी. बाटल्या तीन होत्या.

मग टाकीच्या तळाशी काच आपटल्याचा खणकन आवाज आला. सुतळी सुटली होती.

"काय वाजलं?"

"मुद्दा असा की," मी म्हणालो.

आणि थांबलो. आवाज त्यांचा होता. नाकातून येणारा, शेवटचं अक्षर ओढणारा, अगदी तंतोतंत. काकांनी माझ्याकडे असं बघितलं, जसं आरशानं परवानगी न घेता तोंड हलवलंय. मग उठले आणि जिना चढायला लागले. मी मागोमाग.

इगतपुरीकर खांद्यापर्यंत टाकीत वाकलेला. काकांनी त्याला बाजूला केलं, बाह्या सरसावल्या, हात घातला आणि बाटली बाहेर काढली. कागद सगळा गेलेला. नुसती तपकिरी, ओली, सीलबंद बाटली. काकांनी ती उन्हात धरून बघितली.

"काय आहे हे?"

इगतपुरीकर खाली बघत होता. तोंड उघडलं तर कुठला आवाज निघेल याची खात्री नव्हती, तरी मी उघडलं.

"मुद्दा असा की काका, सरबत आहे."

पुन्हा त्यांचाच आवाज. आंब्यावरचा कावळा तेवढा ओरडला. खालून काकूंनी विचारलं, काय निघालं हो? काकांनी बाटली पाठीमागे धरली. मग खाली ओरडून म्हणाले, "तू म्हणतेस तेच. स्ट्रॉबेरी."

मला सुटल्यासारखं वाटलं, पण तेवढ्यात खाली फोन वाजला.

काकांनी बाटली पेपरात गुंडाळली. माझं मनगट धरलं, दिवाणखान्यात आणलं आणि वाजत्या फोनसमोर उभं केलं.

"माझा आवाज काढतोस ना? काढ. वडिलांना सांग, मुलगा कसा आहे ते. मी ऐकतोय."

मी रिसीव्हर उचलला.

"नमस्कार साहेब," वडील म्हणाले. "पोरगं कसंय आमचं?"

"मुद्दा असा की, मुलगा हुशार आहे." काकांची भुवई वर गेली. मी घाईनं जोडलं, "अभ्यासात मात्र लक्ष कमी."

वडिलांनी विचारलं, "जेवतोय ना नीट?"

"जेवतो."

"आणि खोकला? त्याची आई काळजी करतीय."

"गेला तो. तीन दिवस काढा घेतला, मग गेला."

वडिलांच्या मागे कोणाचा तरी ट्रॅक्टर चालू झालेला ऐकू आला.

"साहेबांना तुझ्या खोकल्याचं काय माहीत रे," ते शांतपणे म्हणाले. "दे त्यांना फोन."

मी रिसीव्हर पुढे केला. काकांनी घेतला, माझ्याकडे पाठ केली. चाळ डोळ्यांसमोर आली, कांद्याचा वास आला, अगदी खरा. काका हं, हं करत राहिले.

"तक्रार? नाही, तक्रार कसली," ते शेवटी म्हणाले. "मुद्दा असा की, आज टाकी धुवायचीय. माणूस काही येत नाही असं दिसतंय. दोन पोरं ठेवून घेतो."

दुपारभर आम्ही टाकीत होतो, पँटी गुडघ्यापर्यंत दुमडून, काथ्यानं भिंती घासत. तळाशी चिकटलेले सोनेरी कागद नखानं काढावे लागले, किती शनिवार झाले होते ते तेव्हा कळलं. काका वर कठड्याजवळ खुर्चीत, पेपर मांडीवर. पेपर अजून गुंडाळलेलाच होता.

खालून काकूंचा आवाज आला. "अहो, ते सरबत कुठं ठेवलंत? संध्याकाळी पाहुणे आहेत, त्यांना होईल."

काकांनी पेपर जरा जवळ ओढला. मग टाकीच्या झाकणातून खाली, आमच्याकडे बघितलं.

मी काथ्या बाजूला ठेवला, नाक जरा चेपलं.

"मुद्दा असा की," मी टाकीतून ओरडलो, "खराब निघालं गं ते. ओतून दिलं."

"बरं," काकू म्हणाल्या.