आंब्याची तुळई

विलास गेल्याचा निरोप आला तेव्हा मी अकोले इथल्या आमच्या कॉलेजच्या स्टाफरूममध्ये त्याच्याच डब्याची वाट बघत होतो. शिपाई म्हणाला, "एसटीडी बूथवाला सांगायला आलाय, सर... विलास सर सकाळी गेले." मी विचारलं, "कुठं?" माझ्या अकलेचे असे पुरावे विलास आवडीनं जमवायचा.

तो वनस्पतिशास्त्र शिकवायचा, मी वाणिज्य. एका पावसाळ्यात त्याच्या गावच्या विहारात आम्ही उतरलो होतो. छपराच्या तुळईवर पिवळट-तपकिरी पापुद्रा पसरलेला, कडेनं पांढुरका. धर्मांतरानंतर विहार उभा राहिला तेव्हा विलासच्या वडिलांनी, अण्णांनी, बांधावरचा एकुलता एक आंबा तोडून ती तुळई दिली होती. विलास घरी जाऊन येईपर्यंत मी स्टुलावर चढून पापुद्रा ओल्या फडक्यानं पुसला, वर गोडंतेल चोळलं. अण्णा खूश! "मास्तर, लई गुणाचा हात हाय तुमचा."

विलासनं येऊन वर बघितलं. "कोनिओफोरा आहे ही. लाकूड खाणारी बुरशी. तू फक्त तिचं तोंड धुतलंस." त्यानं पेनाचं टोक दाबलं, ते सहज आत रुतलं. भेगाळलेल्या शेतासारखे तपकिरी चौकोनी तुकडे खाली पडले. लाकडातलं बळ केव्हाच संपलं होतं.

"अण्णा, काढावी लागेल. खाली पोरं बसतात."

"मास्तरानं आत्ता चकाचक केली न्हवं? माझाच आंबा नडतोय व्हय तुला?"

तुळई निघाली, लोखंडी गर्डर आला. अण्णांनी मात्र विहारात पाऊल टाकणं सोडलं. वंदनेला बाहेर पायरीवर हात जोडून बसायचे. विलास दर पौर्णिमेला शेजारी त्यांच्यासाठी जागा धरायचा... ती रिकामीच राहायची. मी म्हणालो, "माझ्या तेलानं घोळ केला रे." तो म्हणाला, "राग तेलाचा असता तर कधीच गेला असता. मी त्यांचं झाड मोडीत काढलं."

परवा त्याच्या जलदान विधीला विहार भरला होता. अण्णा पायरीशी थांबले. ते बाहेरच बसणार, म्हणून मी शहाणा खुर्ची आणायला धावलो. परत येतो तर अण्णा आत, गर्डरखाली बसलेले. बराच वेळ वर बघत होते. मी खुर्ची तशीच धरून उभा.

"मास्तर," ते हळू म्हणाले, "लोखंड गंजतं. सालोसाल रंग द्याया पायजे त्याला. पावसाच्या आधी म्याच देईन."