मागचं बटण

फोनवर बुद्धिबळ खेळताना कुणी "सोड ना आता डाव" असं लिहून पाठवलं की ओडील शारेटचं डोकं फिरायचं. समोरचा ब्राझीलचा आहे की विनिपेगचा, बाप्या आहे की शाळकरी पोर, काही पत्ता नसायचा. पण दोन मोहरी जास्त झाली की त्याची बोटं शिवशिवायला लागायची. ओडील चष्मा कपाळावर ढकलायची आणि एका बोटानं सावकाश उत्तर टाइप करायची, "आधी मात कर, मग बोल." तिनं आजवर एकही डाव सोडला नव्हता. मोबाइलमध्ये डाव सोडायला पांढऱ्या झेंड्याचं चित्र असतं, त्याला तिनं कधी बोट लावलं नव्हतं.

कॅनडातल्या सडबरीत ती शाळेची बस चालवायची. सकाळी पोरांना सोडायचं, दुपारी परत न्यायचं आणि मधले तास डोनटच्या दुकानामागे बस लावून बसायचं. दोन साखर दोन क्रीमवाली कॉफी, गुडघ्यावर शाल आणि हातात फोन. बाकीच्या ड्रायव्हर बायका तेव्हा लोकर विणायच्या, नाहीतर सुनांच्या नावानं बोटं मोडायच्या. ओडीलला सून नव्हती आणि लोकरीनं तिला खाज सुटायची.

हे खूळ तिच्या डोक्यात शिरलं शेजारच्या नॉर्थ बे गावामुळे. सडबरीत चर्चच्या तळघरात दर मंगळवारी बुद्धिबळाचा क्लब भरतो. या क्लबचा नॉर्थ बेच्या क्लबशी दर मे महिन्यात सामना असतो, सहा पटांवर आपली सहा माणसं. त्यांना घेऊन जायला छोटी बस लागते आणि ती बस वर्षानुवर्षं ओडीलच चालवत आली. ही मंडळी आत जाऊन दिवसभर खेळायची, सूप प्यायची, आणि ओडील बाहेर बसमध्ये सँडविच खात बसायची. तिला कुणी आत बोलावलं नाही. वाईट बुद्धीनं नव्हे हो, कुणाच्या ते डोक्यातच आलं नाही. मला विचाराल तर हे जास्त वाईट. एका वर्षी मे महिन्यातच बर्फ पडला. पाय गारठले म्हणून ती आपणहून आत गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली. बारा माणसं श्वास रोखून लाकडाच्या तुकड्यांकडे बघत होती. हे आपल्याला का येत नाही, याचा तिला रागच आला. परतीच्या वाटेवर पेट्रोल भरताना तिनं फोनवर खेळ उतरवून घेतला.

पहिला हिवाळा नुसता मार खाण्यात गेला. रेटिंग चारशेच्या आसपास. म्हणजे मोहरी कशी चालतात एवढं ठाऊक आणि समोरचा काय करणार याचा गंधही नाही. एकदा मात्र ती भलतीच वर होती. समोर नुसता राजा उरला होता आणि तोही डाव सोडेना. ओडीलनं त्याची जिरवायची म्हणून एकामागून एक प्यादी शेवटच्या घरात नेऊन तीन वजीर केले. तिसरा वजीर टेकला आणि पडद्यावर "बरोबरी" झळकलं. त्या राजाला शह नव्हता, पण हलायला एकही घर उरलं नव्हतं, आणि अशा वेळी नियमानं डाव बरोबरीत सुटतो. तिनं फोन डॅशबोर्डवर आपटला. त्याची काच तडकली, ती तशीच राहिली.

शेजारच्या बसचा ड्रायव्हर ताइस्तो लेहतोला हा क्लबात सहाव्या पटावर खेळायचा. त्यानं ती तडकलेली काच बघितली आणि विचारलं, "काय, फोननं हात उगारला का तुझ्यावर?"

ओडीलनं सगळं सांगितलं. तो हसून हसून खोकायला लागला.

"हरलेले डाव बघतेस का परत?"

"मढं कशाला उकरायचं?"

"कशानं मेलं ते कळायला नको? मेलेलंच जास्त शिकवतं, बाई. आणि ते एका मिनिटाचे डाव खेळणं बंद कर आधी. चिप्सची पिशवी आहे ती. पोट भरत नाही आणि हातही थांबत नाही."

इंटरनेटवर सल्ल्यांना तोटा नाही. ही सुरुवात पाठ करा, ती चाल घोका, अमक्याचे चाळीस व्हिडिओ बघा. ओडीलनं बघितले आणि तिचं रेटिंग होतं त्याहून खाली आलं. मग ताइस्तोचं ऐकून तिनं एकेक गोष्ट धरली. पांढऱ्यानं एकच सुरुवात, काळ्यानं एकच. सकाळी इंजिन तापेपर्यंत दोन-तीन कोडी सोडवायची, पण उत्तर दिसल्याशिवाय पडद्याला बोट लावायचं नाही. दुपारी एकच लांब डाव, मग त्याच डावाचं शवविच्छेदन. शुक्रवारी तिच्या बसमध्ये चुंबकाचा छोटा पट मांडून ताइस्तो तिला शेवटचा खेळ शिकवायचा, नुसते राजे आणि प्यादी. ताइस्तोच्या बायकोनं दिलेला वेलचीचा गोड पाव दोघं खायची आणि पटावर चुरा सांडायचा.

तरी एक खोड जाईना. चाल सुचली की ती खेळून मोकळी व्हायची आणि मग दिसायचं, पटाच्या पार दुसऱ्या टोकाला एक उंट टपून बसलाय. हत्ती गेला. घोडा गेला. एकदा तर वजीरच गेला.

तिचं तिलाच सुचलं ते एका सोमवारी. शाळेच्या बसला एक सोय असते. इंजिन बंद केलं की भोंगा वाजायला लागतो आणि तो थांबवायचं बटण असतं बसच्या अगदी शेवटी, मागच्या दाराशी. ड्रायव्हरनं चालत मागे जायचं, प्रत्येक सीटवर, सीटखाली डोकावायचं, कुणी चिमुरडं झोपून राहिलं नाही ना ते बघायचं, मग बटण दाबायचं. ओडीलनं इतक्या वर्षांत यात कधी कुचराई केली नव्हती. त्या दिवशी बटणावर बोट ठेवून ती उभी राहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "अगं बयो, पटावर का नाही जात तू मागे?"

तेव्हापासून प्रत्येक चालीआधी ती मनातल्या मनात मागे जाऊन यायची. कोपऱ्यातल्या हत्तीपासून सुरू, एकेक मोहरं, प्रत्येकाकडे डोकावून. कोण एकटं पडलंय, कोणावर कुणाचा डोळा आहे. रेटिंग हजाराच्या वर गेलं. मध्ये एकदा आपटलं, तेव्हा ती दोन दिवस कुणाशी धड बोलली नाही. मग अकराशे. पुढच्या वसंतात बर्फ वितळता वितळता बाराशे झाले.

त्याच वसंतात ताइस्तोच्या गुडघ्याचं ऑपरेशन ठरलं, नेमकं मे महिन्यात. सहावा पट रिकामा झाला. मंगळवारी तो ओडीलला घेऊनच तळघरात उतरला.

"माझ्या जागी ही खेळेल," तो म्हणाला.

क्लबचा अध्यक्ष क्लेटन डॉरलंड बर्फावरच्या गाड्या विकायचा आणि प्रत्येकाशी गिऱ्हाईक असल्यासारखा बोलायचा. तो गोड हसला. "ओडील, तू बस किती छान चालवतेस गं."

"बस मी चालवतेच. मी खेळण्याचं विचारतेय तुम्हाला."

"रेटिंग काय तुझं?"

"बाराशे चार."

"फोनवरचं?" त्यानं बाकीच्यांकडे बघितलं. "ते म्हणजे व्यापाराच्या खेळातल्या नोटा. घरात हजारांनी मोजाव्यात, पण दुकानात चालत नाहीत."

दोघं-तिघं हसले. ओडीलच्या कानाच्या पाळ्या तापल्या. "मग दुकानातच बसू या की. मांडा पट."

"माझ्याशी?"

"इथं दुसरं कोण बोलतंय?"

या वेळी इतर हसले ते क्लेटनला. क्लेटनचं हसू मात्र जरा आखडलं. "ठीक आहे. पुढच्या मंगळवारी एक डाव, एकेका तासाचा. जिंकायचं सोड, नुसती हरली नाहीस तरी सहावा पट तुझा. हरलीस तर दर वर्षीसारखी बसमध्ये बस."

आठवडाभर ताइस्तोनं तिला खऱ्या पटाच्या रीती शिकवल्या. हात लावलेलं मोहरं हलवायचंच. चाल लिहून ठेवायची. आणि चाल झाली की दोन तबकड्यांच्या घड्याळाचं आपलं बटण दाबायचं, नाहीतर आपलाच वेळ जळत राहतो. "फोनमध्ये ते आपोआप होतं. इथं कुणी तुझा नोकर नाही," त्यानं दहा वेळा बजावलं.

मंगळवारी ती काळी मोहरी घेऊन बसली. पहिल्या पंधरा चाली तिनं चोख खेळल्या, दर वेळी ठप्पकन बटण दाबलं. मग तिला एक घोडा सापडला. असा झकास बसत होता मधल्या घरात की तिच्या पोटात गुदगुल्या झाल्या. ती मनात मागे जाऊन आली, सगळं ठीक होतं. तिनं घोडा ठेवला, चाल लिहिली, हाताची घडी घातली आणि क्लेटनकडे बघत बसली.

क्लेटन विचारात पडला. पडलाच पाहिजे, ओडील मनात म्हणाली. बस आता विचार करत. त्यानं कॉफी ढवळली. छताकडे बघितलं. घड्याळाकडे एक ओझरता कटाक्ष टाकला आणि परत कपाळाला हात लावला. भिंतीशी उभा ताइस्तो रंग बदलत होता. तो खोकला, त्यानं पाय आपटला, पण बघणाऱ्यानं बोलायचं नाही हा नियम पाळणारा माणूस तो. ओडीलला वाटलं, याची खोकल्याची गोळी विसरली वाटतं.

बऱ्याच वेळानं तिची नजर घड्याळावर गेली. काटा तिचाच धावत होता. नऊ मिनिटं उरली होती.

"सांगायचं नाही का?" ती म्हणाली. आवाज तिला नको होता तितका चिरकला.

"नियमात नाही बसत," क्लेटन म्हणाला. "फोन सांगतो ना तुझा."

बटण दाबायला विसरली! जी बाई जन्मात बटण विसरली नाही, ती विसरली. लाजेनं आणि संतापानं तिनं पुढच्या दोन चाली धडाधड केल्या आणि तो झकास घोडा फुकट गेला.

मग ती उठली. उरलेल्या वेळातलं एक मिनिट चाललंय हे दिसत असूनही उठली. रिकाम्या खुर्च्यांमधून चालत तळघराच्या मागच्या भिंतीपर्यंत गेली, भिंतीला हात लावला आणि परत येऊन बसली. लोकांना वाटलं, बाई रडायला गेली. ती आपली बस तपासून आली होती.

त्यानंतर तिला घाई उरली नाही. फोनवर एवढ्या वेळात ती अख्खा डाव खेळायची. चाल, ठप्प. चाल, ठप्प. तरीही एका घोड्याचा फरक तो फरकच. मोहऱ्याला मोहरं कटत गेलं आणि शेवटी ओडीलकडे राजा आणि क्लेटनच्या प्याद्याला नाक लावून अडकलेलं एकच प्यादं उरलं. त्याच्याकडे वजीर होता, राजा होता, आणि आणखी एक प्यादं शेवटच्या घराच्या उंबऱ्यावर.

क्लेटननं हात पुढे केला. क्लबात हरणाऱ्यानं हात पुढे करायचा असतो, तेवढाही धीर त्याला धरवला नाही. "चल, छान खेळलीस."

ओडीलनं हाताकडे बघितलं. "हात कशाला? माझा राजा उभा आहे की अजून."

"ओडील, सभ्य माणसं इथं डाव सोडतात. तीस वर्षांत माझ्यासमोर कुणी इतकं ताणलं नाही."

"म्हणजे तीस वर्षांत तुम्ही कुणाला मात केलीच नाही म्हणायची."

मागे कुणीतरी फिसकन हसलं. क्लेटनची मान लाल झाली. "आणखी एक वजीर आणला म्हणजे तरी सोडशील?"

ओडील मनातल्या मनात पटाच्या टोकापर्यंत जाऊन आली. एकेक घर, सीटखाली डोकावल्यासारखं. तिला काहीतरी दिसलं, पण चेहऱ्यावर तिनं काही येऊ दिलं नाही. "आणून तर बघा," ती म्हणाली.

त्यानं प्यादं ढकललं, त्या जागी दुसरा वजीर टेकवला, टेबल हादरेल असा, आणि बटण दाबलं.

ओडीलनं मोहऱ्यांना हात लावला नाही. ती नुसती बसून राहिली. तिचा काटा पळत होता.

"खेळ की," क्लेटन म्हणाला. "का परत बटण विसरलीस?"

"कुठं खेळू, तेवढं दाखवा."

तो पटावर वाकला. नव्या वजिरानं वरची सगळी घरं अडवली होती, जुन्यानं उरलेलं एक. राजाला शह नव्हता. प्यादं अडकलेलं. क्लेटननं बोटानं घरं मोजली, परत मोजली. खोकला बरा झालेला ताइस्तो भिंतीपासून म्हणाला, "बरोबरी." आता बोलायला हरकत नव्हती.

"ही काही खेळायची रीत नाही," क्लेटन म्हणाला. "मी जिंकलेला डाव आहे हा!"

"जिंकलेला होता. मीही एकदा तीन वजीर केले होते, त्याची काच अजून तडकलेली आहे. चारशेवाल्यांची चूक आहे ही. तुमच्याकडून व्हायची राहिली होती, कारण तुमच्यापुढं सगळे लवकर उठून जातात." ओडीलनं हात वाढवून घड्याळाचं बटण अर्धंच दाबलं. दोन्ही काटे थांबले.

सहाव्या पटापुढं ताइस्तोचं नाव लिहिलेला फळा भिंतीवर होता. ताइस्तो लंगडत गेला, बाहीनं नाव पुसलं आणि खडू ओडीलच्या हातात दिला. तिनं स्वतःच लिहिलं, चांगलं मोठ्या अक्षरात.

क्लेटन मोहरी डब्यात भरत होता. त्याच्या तोंडून निघालं ते हेच, "मग बस कोण चालवणार?"

ओडीलनं हाताचा खडू झटकला. इतकी वर्षं ती त्याला अहो-जाहो करत आली होती.

"मीच चालवीन, क्लेटन. पण तिथं पोचल्यावर मी बसमध्ये बसणार नाही. तू सूप आणशील ना, तेव्हा माझंही आण."